चाळिशीनंतर कॉलेज : प्लेसमेंट टेस्ट तयारी न करता देऊ नका

कृष्णाकाठ | ९ जानेवारी

नमस्कार मंडळी,

मी न्यू जर्सीत राहते, वय ४४. मूळची सांगलीची. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग कॉमर्स, आणि बी.कॉम.चं दुसरं वर्ष अर्ध्यात सुटलं ते सुटलंच. लग्न, इकडे येणं, मुलं. मागच्या वर्षी ग्रीन कार्ड आलं, धाकटी मिडल स्कूलला गेली आणि मी ठरवलं की आता नर्सिंगला जायचं. आईच्या शेवटच्या आजारपणात तीन महिने हॉस्पिटलच्या बाकावर काढले होते. रात्री अडीच वाजता तिथल्या सिस्टर आईची कूस बदलायला यायच्या, तेव्हापासून हे मनात आहे.

धागा काढते आहे तो मात्र प्लेसमेंट टेस्टसाठी. कारण माझं त्यात नुकसान झालंय आणि दुसऱ्या कुणाचं होऊ नये असं मनापासून वाटतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : इथल्या कम्युनिटी कॉलेजात (म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजात) प्रवेश बहुतेक सगळ्यांना मिळतो. पण गणिताच्या आणि इंग्रजीच्या कोणत्या वर्गात बसायचं, ते ही परीक्षा ठरवते. आमच्या कॉलेजात ॲक्युप्लेसर आहे. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "अभ्यास करायची काही गरज नाही, यात पास-नापास नसतं. तुम्ही आज कुठे आहात एवढंच बघायचंय." मी विश्वास ठेवला. मंगळवारी फॉर्म भरला, गुरुवारी परीक्षेला बसले.

शेवटचं गणित मी १९९६ साली दहावीला केलं होतं. बारावीला गणिताऐवजी एस.पी. (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस) घेतलं होतं.

खोलीत आम्ही सहाजण. शेजारी माझ्या थोरल्याच्या वयाचा एक मुलगा. फोन, पर्स लॉकरमध्ये. हातात एक पेन्सिल आणि दोन कोरे कागद, तेही जाताना परत द्यायचे. आपला कॅल्क्युलेटर चालत नाही. काही प्रश्नांना तो पडद्यावर येतो, बाकी सगळं हाताने. दुसऱ्याच प्रश्नात 'एक्स्पोनंट' असा शब्द आला. तो मी कधी ऐकलाच नव्हता. पुढची आकडेमोड समोर दिसत होती आणि मी त्या एका शब्दापाशी अडून बसले. शेवटी अंदाजाने एक पर्याय निवडला. घरी येऊन बघते, तर तो आपला घातांक! मला घातांक येतात हो. कन्याशाळेत बाईंनी घोटून घेतले होते.

मग हळूहळू प्रश्न सोपे होत गेले. मला वाटलं, जमायला लागलं. हात मोकळा झाला, भराभर उत्तरं देत गेले. नंतर कळलं की उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड येतो आणि चुकलं की सोपा. म्हणजे मला बरं वाटत होतं तेव्हा मी खाली खाली चालले होते.

२०० ते ३०० अशी गुणांची पट्टी असते. माझे २३१ आले. आमच्या कॉलेजची अट २५०. आता दोन सत्रं डेव्हलपमेंटल गणित (कॉलेजच्या गणिताआधीचं, पाया पक्का करायचं) करायचं, फी भरायची, आणि त्याचे क्रेडिट पदवीत धरत नाहीत. नर्सिंगच्या आधीचे विषय तोवर लांबणीवर. माझ्या वयाला एक वर्ष म्हणजे थोडं नाही.

पुन्हा परीक्षा देता येते का? तयारी कशी करायची? कुणी या वाटेने गेलंय का?

---

पाटीपेन्सिल | १० जानेवारी

कृष्णाकाठ ताई, आधी फी भरू नका. टेस्टिंग सेंटरला जाऊन पुनर्परीक्षेचा नियम लेखी मागा. बहुतेक कॉलेजात दुसरी संधी असते. किती दिवस थांबायचं आणि शुल्क किती, ते प्रत्येक कॉलेजाचं वेगळं. पण डेव्हलपमेंटलचा वर्ग एकदा सुरू झाला की बरीच कॉलेजं पुन्हा परीक्षा देऊ देत नाहीत. तुमच्या हातात फार तर दोन आठवडे आहेत.

मी पेन्सिल्व्हेनियात एका कम्युनिटी कॉलेजच्या ट्युटरिंग सेंटरमध्ये अकरा वर्षं गणित शिकवतो. तुमच्यासारख्या बायका-पुरुष दर सत्राला भेटतात, म्हणून सविस्तर लिहितो.

ॲक्युप्लेसर ही कॉलेज बोर्ड या इथल्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेची परीक्षा. गणिताच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली अंकगणित : अपूर्णांक, दशांश, शेकडेवारी. दुसरीचं नाव लांबलचक आहे, सगळे 'क्यूएएस' म्हणतात : गुणोत्तर-प्रमाण, घातांक, एकरेषीय समीकरणं, थोडी भूमिती, थोडी संभाव्यता आणि सांख्यिकी. तिसरी वरच्या बीजगणिताची, त्यात वर्गसमीकरणं, फलं (फंक्शन), त्रिकोणमिती. प्रत्येकीत फक्त २० प्रश्न. वाचनाचे २०, लेखनाचे २५.

आता महत्त्वाचं. वेळेचं बंधन नाही. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठजणांना हे ठाऊक नसतं. आपल्याकडच्या दहावी-बारावीच्या बोर्डाची सवय अंगात मुरलेली, घड्याळ बघत पेपर संपवतात. तुम्ही एका प्रश्नाला दहा मिनिटं घेतलीत तरी कुणी उठवत नाही. आणि इथे मागे जाता येत नाही. 'अवघड प्रश्न शेवटी बघू' ही आपली दहावीची युक्ती बंद. उत्तर नोंदवलं की ते गेलं.

प्रश्न फक्त वीस आणि प्रत्येक उत्तरावर पुढची वाट ठरते, त्यामुळे सुरुवातीचे पाच-सहा प्रश्न देवपूजेसारखे सावकाश करायचे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे अंदाज करायला हरकत नाही, पण आधी दोन पर्याय तरी बाद करून मगच.

काउंटरवर जे सांगितलं गेलं त्याचा मला फार राग येतो. पास-नापास नाही हे खरं. पण तुम्हाला जे येत होतं आणि नुसतं धूळ खात पडलं होतं, ते झटकायला पंधरा दिवस दिले असते तर आज तुम्ही वेगळ्या वर्गात असता. कॉलेज बोर्डाचं सरावाचं साधन फुकट आहे, खातं उघडलं की त्यात नमुना परीक्षा आणि उत्तरांची उकल मिळते. काउंटरवर त्याची चिठ्ठी द्यायला काय जातं?

---

रेवा_फ्रीमाँट | १० जानेवारी

वाचून वाईट वाटलं ताई. आमच्या कॅलिफोर्नियात आता ही परीक्षाच जवळजवळ राहिलेली नाही. २०१७ मध्ये एबी ७०५ नावाचा कायदा झाला. विद्यार्थ्याला एका वर्षात ट्रान्सफर पातळीचं (पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात धरलं जाणारं) इंग्रजी आणि गणित पूर्ण करण्याची जास्तीत जास्त संधी मिळेल अशीच नेमणूक कॉलेजने करायची, असं त्यात आहे. हायस्कूलचे गुण बघतात. आपल्यासारख्यांचे इथले गुण नसतील तर प्रश्नावली भरून स्वतःच पातळी निवडता येते. २०२२ मध्ये एबी १७०५ ने ते आणखी कडक केलं.

मी ४१ व्या वर्षी थेट स्टॅटिस्टिक्सला बसले. सोबत आठवड्याला दोन तास मदतीचा जोडवर्ग होता. पहिले तीन आठवडे डोळ्यांत पाणी यायचं. शेवटी 'बी' ग्रेड मिळाली. आधी दोन सत्रं अपूर्णांक करत बसले असते तर सोडून दिलं असतं, हे नक्की.

कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये कम्युनिटी कॉलेज रिसर्च सेंटर आहे. २०१२ मध्ये तिथल्या अभ्यासात दिसलं की या परीक्षांमुळे गणितात सुमारे चौथा हिस्सा आणि इंग्रजीत सुमारे तिसरा हिस्सा विद्यार्थी मोठ्या फरकाने चुकीच्या वर्गात पडतात, आणि त्यातले बरेच गरजेपेक्षा खालच्या वर्गात. त्यामुळे ताई, २३१ म्हणजे तुमची लायकी असं अजिबात समजू नका.

---

दूरदेशी | १० जानेवारी

रेवा, तुझं पटतं, पण सगळंच नाही. माझ्या बहिणीला असंच थेट वरच्या वर्गात बसवलं. जोडवर्ग कागदावर होता, शिकवणारं कुणी नव्हतं. तिने दोनदा विषय सोडला आणि मग कॉलेजच सोडलं. पाया कच्चा असेल तर खालचा वर्ग हा अपमान नाही. प्रश्न एवढाच की पाया खरंच कच्चा आहे की आठवत नाहीये. कृष्णाकाठ यांच्या बाबतीत मला वाटतं, फक्त आठवत नाहीये.

---

शेवंता | ११ जानेवारी

मी साताऱ्यात असते, मला तिकडचं काही माहीत नाही. पण माझ्या मावशीने ५१ व्या वर्षी १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी दिली. ती भाकऱ्या थापताना पाढे म्हणायची. बीजगणितात काठावर पास झाली तेव्हा काकांनी आळीत पेढे वाटले. ताई, तुम्ही नक्की कराल.

---

ह्यूस्टनकर | ११ जानेवारी

टेक्सासातल्यांसाठी : इथे सरकारी कॉलेजांना टीएसआयए२ ही प्लेसमेंट टेस्ट लागते, जानेवारी २०२१ पासून ही दुसरी आवृत्ती. तीही कॉलेज बोर्डच घेतं. गणितात ९५० आणि इंग्रजीत ९४५ व निबंधाला ५ मिळाले की तुम्ही 'कॉलेज रेडी'. गणितात ९५० नाही आले तर तिथेच लगेच दुसरी निदान चाचणी सुरू होते. ती आली म्हणून घाबरून उठून जाऊ नका, तीत चांगलं केलंत तरी तुम्ही पात्र ठरू शकता. माझी बायको उठून आली होती.

परीक्षेआधी एक ऑनलाइन 'प्री-असेसमेंट ॲक्टिव्हिटी' करावी लागते, ती केल्याशिवाय बसू देत नाहीत. आणि ज्यांच्याकडे पदवी आहे त्यांनी सूट मिळते का, हे आधी विचारा. भारतातली पदवी असेल तर मूल्यमापन करून घ्यावं लागतं.

---

मृद्गंध | ११ जानेवारी

ह्यूस्टनकरांच्या शेवटच्या वाक्यात भर. भारतातल्या मार्कलिस्टचं मूल्यमापन करणाऱ्या संस्थांची एक संघटना आहे, नेसेस. तिच्या सदस्य संस्थेकडूनच करून घ्या, बहुतेक कॉलेजं ते मानतात. अर्धवट बी.कॉम. असलं तरी कृष्णाकाठ ताईंनी पहिल्या वर्षाची गुणपत्रिका दाखवावी. काही क्रेडिट धरली गेली तर तेवढे विषय वाचतात.

दुसरं, फेडरल मदतीबद्दल. ज्यांची परदेशातलीसुद्धा पदवी पूर्ण आहे त्यांना पेल ग्रँट (परत न करायची सरकारी शिक्षण-मदत) मिळत नाही. ताई, तुमची पूर्ण नाही आणि ग्रीन कार्ड आहे, तेव्हा फाफ्सा (या मदतीचा अर्ज) जरूर भरा. पण पेल आयुष्यभरात बारा पूर्ण सत्रांपुरतीच मिळते. डेव्हलपमेंटल वर्गांना ती वापरली तर त्यातलीच सत्रं खर्च होतात. म्हणून पाटीपेन्सिल म्हणतात ते करा, आधी पुन्हा परीक्षा.

---

कृष्णाकाठ | १४ जानेवारी

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवंता, तुझ्या मावशीबद्दल वाचताना गळा दाटून आला.

आज टेस्टिंग सेंटरला जाऊन आले. पुन्हा देता येते, एकदाच, थोडं शुल्क भरून, आणि डेव्हलपमेंटलचं नाव नोंदवायच्या आधी. मी या सत्राला गणित घेतच नाही. सायकॉलॉजी आणि इंग्रजी घेतलंय, इंग्रजीत निभावलं होतं. गणिताची परीक्षा मार्चमध्ये देईन.

पाटीपेन्सिल काका (काका म्हटलं तर चालेल ना?), एक विचारते. नमुना परीक्षा सोडवली. चुकतंय ते बऱ्याचदा गणित नसतंच, शब्द असतो. आणि एक उदाहरण मला पटतच नाही : १२ − ५ + ३. मी कंचेभागुबेव लावलं. बेरीज आधी, ५ आणि ३ आठ, बारातून आठ गेले, चार. उत्तर दहा दिलंय.

---

पाटीपेन्सिल | १४ जानेवारी

काका म्हणा, साठी जवळ आलीच आहे.

हा प्रश्न विचारलात ते फार चांगलं केलंत, कारण मराठी शाळेतून आलेले अनेकजण इथे अडखळतात. कंचेभागुबेव : कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. ते पाठ करताना 'बे' आधी आणि 'व' नंतर असं डोक्यात बसतं. पण बेरीज-वजाबाकी एकाच दर्जाच्या. डावीकडून उजवीकडे जायचं. बारातून पाच गेले सात, सात आणि तीन दहा. दुसऱ्या तऱ्हेने बघा : वजाचं चिन्ह फक्त पाचाला चिकटलेलं आहे, तिनाला नाही. तुमच्या खिशात १२ रुपये, ५ खर्च केले, ३ मिळाले. चार कसे उरतील?

इथली मुलं 'पेमडास' म्हणतात आणि त्यांची उलटी चूक होते. त्यात गुणाकार आधी उच्चारला जातो, म्हणून २४ ÷ ४ × २ मध्ये आधी चार दुणे आठ करतात आणि उत्तर ३ काढतात. बरोबर उत्तर १२. तिथे आपलं कंचेभागुबेव तुम्हाला वाचवतं.

शब्दांसाठी एक वही करा. डाव्या पानावर इंग्रजी शब्द देवनागरीत, उजव्या पानावर आपला शब्द आणि एक छोटं उदाहरण. न्यूमरेटर अंश, डिनॉमिनेटर छेद, प्राइम मूळ संख्या, रेशिओ गुणोत्तर, परिमीटर परिमिती, मीडियन मध्यक, मोड बहुलक, जीसीएफ मसावि, एलसीएम लसावि. साठ-सत्तर शब्दांच्या वर जात नाही. तुमच्या पिढीच्या मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याचं गणित पक्कं असतं, फक्त त्यावर दुसऱ्या भाषेची पाटी लावायची असते.

आणि मापं विसरू नका. एका फुटात बारा इंच आपल्याला ठाऊक असतं. पण एका पौंडात सोळा औंस, एका गॅलनमध्ये चार क्वार्ट, निकेल म्हणजे पाच सेंट, डाइम दहा, क्वार्टर पंचवीस, हे शाब्दिक उदाहरणात गृहीत धरलेलं असतं. पत्त्यांच्या कॅटात किती पानं, चौकट-बदाम लाल, हेही.

---

आभा_मिशिगन | १५ जानेवारी

माझा अनुभव इंग्रजीबद्दल. अर्जात 'इंग्रजी ही तुमची पहिली भाषा आहे का' या चौकटीत मी प्रामाणिकपणे 'नाही' लिहिलं. मला न विचारता ईएसएलच्या (इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांच्या इंग्रजी वर्गांच्या) परीक्षेला बसवलं आणि तीन पातळ्यांचे वर्ग लावले. मी पुण्यात आठ वर्षं इंग्रजीत ऑफिसचा पत्रव्यवहार केलेला. सल्लागारांना दोनदा भेटले, तेव्हा कुठे साधी परीक्षा देऊ दिली आणि मी थेट पहिल्या इंग्रजीला लागले. एक सत्र त्यात गेलं ते गेलंच. खोटं लिहू नका, पण कुठली परीक्षा देताय ते विचारल्याशिवाय खुर्चीत बसू नका.

---

मृद्गंध | १५ जानेवारी

आभा, तुझ्याबाबतीत चूकच झाली. पण ईएसएलचे वर्ग टाळायची गोष्ट आहे असं नवीन वाचणाऱ्यांना वाटू नये. मी ते वर्षभर केले. आमच्या वर्गात एक इराणी दंतवैद्य होत्या, दोन हैतीचे भाऊ, एक कोरियन आजी. बोलायची भीती माझी तिथे गेली. डॉक्टरांशी, शाळेतल्या शिक्षकांशी नवऱ्याला मध्ये न घेता बोलायला मी तिथे शिकले. ज्याला गरज आहे त्याने अभिमानाने घ्यावेत.

---

आभा_मिशिगन | १५ जानेवारी

हे मान्य. गरज आहे का हे मला विचारलं असतं, तर माझं काही म्हणणं नव्हतं.

---

नीरजा_इलिनॉय | १९ जानेवारी

आमच्याकडे ॲलेक्स ही परीक्षा होती, मॅकग्रॉ हिल या प्रकाशकांची. ती वेगळ्या जातीची. पर्याय नसतात, उत्तर स्वतः टाइप करायचं. जास्तीत जास्त ३० प्रश्न, गुण ० ते १००. त्यात 'मला माहीत नाही' असं बटण आहे आणि ते खरोखर वापरायचं असतं. ॲक्युप्लेसरसारखा अंदाज इथे करू नका. परीक्षेनंतर तुमच्या कच्च्या जागा शोधून ती तुम्हाला धडे देते, ते करून पुन्हा परीक्षा देता येते. माझे पहिल्यांदा ३४ आले. रोज रात्री एक तास, सहा आठवडे धडे केले. मग ६१.

घरून देता येते म्हणून मुलाला शेजारी बसवू नका. ओळखीत एकीने तसं केलं, थेट प्रीकॅल्क्युलसला लागली, आणि तिसऱ्या आठवड्यात तिला वर्गात काय चाललंय तेच कळेना. फी परत मिळण्याची तारीखही उलटून गेली होती.

---

प्रवीण_सोमेश्वर | २ फेब्रुवारी

वय ५२, गाडीच्या कारखान्यातली नोकरी गेली, एचव्हीएसीचा (एसी-हीटिंगच्या कामाचा) कोर्स करायचाय. मला निबंधाची भीती आहे. मराठीत पानंच्या पानं लिहीन. इंग्रजीत बसलो की हात चालत नाही. कुणी सांगेल का?

---

पाटीपेन्सिल | ३ फेब्रुवारी

प्रवीणराव, आधी कॉलेजला विचारा की तुमच्या सर्टिफिकेटला निबंध लागतो का. पुष्कळ तांत्रिक अभ्यासक्रमांना फक्त थोडं गणित लागतं.

लागत असेल तर : राइटप्लेसर म्हणतात त्याला, ३०० ते ६०० शब्द, गुण १ ते ८, आणि तो संगणक तपासतो. एक छोटा उतारा आणि एक प्रश्न. शाळेत आपल्याला निबंधाची सुरुवात सुविचाराने, मग प्रस्तावना, आणि मत अगदी शेवटी अशी सवय लागली. इथे उलट. पहिल्या चार ओळींत तुमचं म्हणणं काय ते सरळ सांगा. मग दोन किंवा तीन परिच्छेद, प्रत्येकात एक कारण आणि तुमच्या आयुष्यातला एक खरा प्रसंग. कारखान्यातले प्रसंग घाला, तुमच्यासारखे ते दुसरं कोण लिहिणार? वाक्यं लहान ठेवा. शेवटची दहा मिनिटं फक्त शब्दाच्या शेवटचे 'एस' आणि पूर्णविराम बघायला.

आधी महिनाभर रोज एक परिच्छेद टाइप करा. हात न चालण्याचं कारण अनेकदा इंग्रजी नसतं, कीबोर्ड असतो.

---

कृष्णाकाठ | २३ मार्च

काल परीक्षा झाली. २६६ आले.

आधी ते सांगून टाकलं, आता नीट लिहिते.

दहा आठवडे रोज पहाटे पाच ते सहा बसले. वही केली, काकांनी सांगितली तशी. शेवटी ६८ शब्द झाले. वहीतला पहिला शब्द एक्स्पोनंट.

आणखी एक गोष्ट झाली, ती कुणाला कळेल तर इथल्याच लोकांना कळेल. माझे आजोबा सांगलीत हळदीच्या पेठेत दिवाणजी होते. सुट्टीत दुपारी ओसरीवर ते आम्हा भावंडांकडून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे म्हणून घ्यायचे. शाळेत ते कुणी विचारत नसे, आम्ही कंटाळायचो. तयारी करताना एक दिवस उदाहरण आलं, ३६ चे पंचाहत्तर टक्के. मी कागदावर गुणाकार मांडायला घेतला आणि तोंडातून आपोआप आलं, छत्तीस पाऊणे सत्तावीस. मी पेन्सिल खाली ठेवली. तीस-पस्तीस वर्षांत मी ते म्हटलं नव्हतं. त्यानंतर शेकडेवारीला मी भ्यायले नाही. पंचवीस टक्के म्हणजे पावकी, दीडपट म्हणजे दिडकी. अठरा दिढे सत्तावीस.

परीक्षेत वेळ भरपूर घेतला. वीस प्रश्नांना एक तास पन्नास मिनिटं लागली. माझ्यानंतर आलेले तीनजण माझ्या आधी उठून गेले. मधे मधे प्रश्न अवघड होत गेले, आणि या वेळी मला माहीत होतं की ते चांगलं लक्षण आहे. संभाव्यतेचे दोन सुटले नाहीत, ते अंदाजाने. शेवटी पडद्यावर आकडा आला. देखरेखीच्या बाईंनी कागद छापून हातात दिला. मी तो गाडीत बसून दोनदा वाचला.

सप्टेंबरपासून थेट स्टॅटिस्टिक्स, आणि त्याच सत्रात ॲनाटॉमी. दोन सत्रं वाचली.

---

पाटीपेन्सिल | २३ मार्च

२३१ वरून २६६. ताई, या वर्षातली ही माझ्यासाठी सगळ्यात चांगली बातमी. ती पाऊणकी मी उद्या सेंटरमध्ये सांगणार आहे.

---

शेवंता | २३ मार्च

मावशीला वाचून दाखवलं. ती म्हणते, "तिला सांग, पेढे वाट."

---

रेवा_फ्रीमाँट | २४ मार्च

अभिनंदन ताई! आणि दूरदेशी, तुमचा मुद्दा मी विसरले नाहीये. आमच्या कॉलेजात जोडवर्गाला खरोखर शिक्षक होत्या, म्हणून माझं निभलं.

ॲनाटॉमी सुरू झाली की सांगा, माझ्याकडे हाडांच्या नावांची चिठ्ठ्यांची थप्पी आहे, पोस्टाने पाठवते.

---

ओन्टारियोवासी | ६ एप्रिल

कॅनडातल्यांसाठी छोटी भर : ओन्टारियोत १९ किंवा त्याहून जास्त वयाच्या, इथला हायस्कूल डिप्लोमा नसलेल्या व्यक्तीला 'मॅच्युअर स्टुडंट' म्हणून कॉलेजची चाचणी देऊन प्रवेश घेता येतो. भारतातली बारावी असेल तर आधी तिचं मूल्यमापन दाखवून बघा, कधी कधी चाचणीची गरज पडत नाही.

---

प्रवीण_सोमेश्वर | १८ ऑगस्ट

धागा वर काढतोय. निबंध लागला नाही, काका म्हणाले तसंच निघालं. फक्त अंकगणिताची परीक्षा आहे, उद्या सकाळी नऊला. अपूर्णांक झालेत, दशांश झालेत. सोबत काय न्यायचं?

---

कृष्णाकाठ | १८ ऑगस्ट

प्रवीणदादा, फोटो असलेलं ओळखपत्र आणि कॉलेजचा विद्यार्थी क्रमांक. वाचायचा चष्मा नक्की न्या, अक्षर बारीक असतं. खोली गार असते, स्वेटर असू द्या. न्याहारी करून जा. कोरे कागद दोन देतील, संपले तर हात वर करून आणखी मागा, देतात. पहिले पाच सावकाश करा. झालं की इथे लिहा, मी दुपारी बारा वाजता बघते.